स्वदेशी छडी

दरवर्षी १० डिसेंबरला, म्हणजे मानवाधिकार दिनी, देशभरातल्या सभागृहांत एक भाषण हमखास होतं. वक्ते बदलतात, शाल-श्रीफळ देणारे बदलतात, भाषण तेच. मानवाधिकार ही मुळात पाश्चात्त्यांची कल्पना, तिच्या केंद्रस्थानी एकटी व्यक्ती. आपली संस्कृती कुटुंबाची, समाजाची, कर्तव्याची. तेव्हा या कल्पनेचा आपण आपल्या मातीतून फेरविचार केला पाहिजे. टाळ्या होतात, चहा येतो आणि फेरविचार पुढच्या १० डिसेंबरपर्यंत तहकूब होतो.

त्या फेरविचाराला माझी हरकत नाही. तो व्हायलाच हवा, आणि तो कुणी कुणी केला आहे तेही पुढे सांगणार आहे. माझी तक्रार आहे ती वक्त्यांच्या सोवळ्याबद्दल. हे सोवळं फार निवडक आहे. राजद्रोहाचं कलम साहेबानं आणलं म्हणून ते फेकून द्या, विनाचौकशी स्थानबद्धता साहेबानं शिकवली म्हणून ती बंद करा, असं मानवाधिकार दिनाला म्हणणारा वक्ता मला अजून भेटायचा आहे. विटाळ होतो तो फक्त हक्कांचा. म्हणून आज जरा गोदामात शिरू आणि ‘आपली संस्कृती’ असा शिक्का मारलेल्या दोन-चार पेट्या उघडून आत माल कुठला भरलाय ते बघू.

पहिली पेटी सिंगापूरची. १९९० च्या दशकात ‘आशियाई मूल्यं’ या मालाचा मोठा बोलबाला होता. सिंगापूरचे ली कुआन यू आणि मलेशियाचे महाथीर हे त्याचे घाऊक विक्रेते. त्यांचं म्हणणं असं की आशियातल्या माणसाला शिस्त हवी असते, थोरामोठ्यांचा मान हवा असतो, समाज आधी आणि आपण मागून हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. अमेरिकी थाटाची स्वातंत्र्यं त्याला मानवत नाहीत. १९९४ साली या मूल्यांचं जाहीर प्रात्यक्षिक झालं. मोटारींवर रंग फवारला म्हणून अठरा वर्षांच्या एका अमेरिकी पोराला तिथल्या न्यायालयानं सहा फटक्यांची शिक्षा सुनावली. क्लिंटनसाहेबांनी रदबदली केली, सहाचे चार झाले, आणि मे महिन्यात ते चार मारण्यात आले. जगभर रणधुमाळी झाली. पूर्व विरुद्ध पश्चिम, कन्फ्यूशियस विरुद्ध जॉन लॉक! आपल्याकडेही पुष्कळ मंडळी मनातल्या मनात खूश झाली, की बरं झालं, कुणीतरी त्या अमेरिकेच्या पाठीत ठेवून दिली.

छडी कुठून आली, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही. वेत तिथलाच, पण गुन्हेगाराला न्यायालयाच्या हुकमानं फटके मारण्याचा कायदा एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी आपल्या मलाक्का सामुद्रधुनीवरच्या वसाहतींत घालून दिलेला. आपल्याकडेही त्यांनी १८६४ साली खास फटक्यांचा कायदा केलाच होता. पुढे ब्रिटननं आपल्या घरचे न्यायालयीन फटके १९४८ साली बंद केले. भारतानं आपले १९५५ साली बंद केले. म्हणजे मालकानं टाकलेली आणि शेजाऱ्यानंही टाकलेली छडी सिंगापूरनं जपून ठेवली, तिला तेल लावलं आणि कन्फ्यूशियसच्या नावानं मिरवली.

विनाचौकशी तुरुंगाचंही तेच. कम्युनिस्टांचा बंदोबस्त करण्यासाठी ब्रिटिशांनी १९४८ साली मलायात आणीबाणीचे नियम आणले. साहेब गेला, नियम अंतर्गत सुरक्षा कायदा होऊन राहिले. त्याखाली चिया थाय पोह या विरोधी पक्षाच्या नेत्याला १९६६ साली उचललं, ते तेवीस वर्षं. एकदाही खटला चालला नाही. १९८९ साली तुरुंगातून काढलं आणि सेंटोसा बेटावर नेऊन ठेवलं. आज आपले मराठी पर्यटक सहलवाल्या कंपन्यांबरोबर ज्या बेटावर जाऊन युनिव्हर्सल स्टुडिओसमोर फोटो काढतात, तेच हे बेट. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलमही असंच विलायती. सिंगापूरनं ते २०२२ साली काढलं, आपल्या न्यायालयानं २०१८ साली. तोवर दोन्हीकडे ते ‘आमच्या संस्कृतीत बसत नाही’ या सबबीवर उभं होतं. लॉर्ड मेकॉले आपल्या संस्कृतीचे एवढे गाढे अभ्यासक होते, हे आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

ली कुआन यू यांना खरं उत्तर अमेरिकेतून आलं नाही. ते आलं दक्षिण कोरियाच्या किम दे-जुंग यांच्याकडून. या माणसाला १९७३ साली टोकियोच्या हॉटेलातून पळवून नेलं होतं आणि १९८० साली त्याला फाशी सुनावली होती, दोन्ही त्याच्या स्वदेशी सरकारांनी. १९९४ साली त्यांनी लिहिलं की आमच्या मेन्शियस या विचारवंतानं दोन हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय, राजानं नीट राज्य केलं नाही तर त्याला खाली खेचण्याचा प्रजेला अधिकार आहे. आणि आमच्या कोरियातला दोन्गहाक पंथ तर माणसालाच स्वर्ग मानतो. म्हणजे लोकशाहीचं बी आशियात होतंच, मशागत करायची कुणाच्या मनात नव्हती. हेच किम पुढे अध्यक्ष झाले. त्यांच्या कारकिर्दीत कोरियात एकालाही फाशी दिली गेली नाही. आशियाई मूल्यं म्हणायचीच तर हीही म्हणा की!

आता दुसरी पेटी. ‘प्रत्येक ठिकाणची परिस्थिती वेगळी, तिथली संस्कृती वेगळी, तेव्हा हक्क जरा जपून लागू करा’ हा युक्तिवाद आपल्याला फार देशी आणि मुरब्बी वाटतो. १९९३ साली बँकॉकमध्ये जमलेल्या आशियाई सरकारांनी तो जाहीरनाम्यात घातला. (त्याच दिवसांत, त्याच शहरात आशियातल्याच स्वयंसेवी संस्थांनी वेगळा जाहीरनामा काढून सांगितलं होतं, की संस्कृतीच्या नावाखाली बायकांचे हक्क तुडवाल तर खपवून घेणार नाही. तो जाहीरनामा भाषणांत येत नाही.) पण हा युक्तिवाद लेखी कायद्यात आधी घातला कुणी? युरोपीय मानवाधिकार करार १९५० सालचा. त्यात कलम ६३ होतं. या कलमानुसार करार वसाहतींना आपोआप लागू होत नव्हता. मालक देशानं कळवलं तरच व्हायचा. आणि लागू केलाच तर ‘स्थानिक गरजा’ लक्षात घेऊन! लंडनमधल्या माणसाला हक्क, केनियातल्या माणसाला स्थानिक गरजा. केनियात १९५२ पासून आणीबाणी होती आणि छावण्यांमध्ये किकुयू माणसांच्या स्थानिक गरजा कशा भागवल्या जात होत्या, याचा हिशेब ब्रिटिश सरकारनं २०१३ साली पाच हजारांहून अधिक वृद्धांना जवळजवळ दोन कोटी पौंड देऊन मिटवला.

गंमत पुढेच आहे. ‘स्थानिक गरजां’चं हे कलम शेवटी उलटलं ते कुठे, तर आयल ऑफ मॅनवर. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या मधलं बेट, माणसं सगळी गोरी. तिथे १९७२ साली पंधरा वर्षांच्या एका पोराला न्यायालयाच्या हुकमानं पोलीस ठाण्यात पँट उतरवून बर्चच्या फोकाचे तीन फटके मारले. प्रकरण स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयात गेलं. बचाव काय? आमच्या बेटावरच्या लोकांची फटक्यांवर श्रद्धा आहे, आमची परंपरा आहे, बहुसंख्यांना ते हवे आहेत! न्यायालयानं १९७८ साली हे सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की लोकांना आवडतं म्हणून ती ‘स्थानिक गरज’ होत नाही. ही शिक्षा माणसाचा अवमान करणारी आहे. स्वित्झर्लंडचा एक छोटा परगणा तर याहून वरताण. अपेन्झेल इनररोडन. तिथे वर्षातून एकदा गावचौकात सभा भरते आणि हात वर करून मतदान होतं. पुरुषांनी कमरेला तलवार लावून यायचं, ती त्यांच्या मतदानाची ओळख. बायकांना मत द्यायचं का, हे पुन्हा त्याच तलवारवाल्यांनी ठरवायचं, आणि ते वर्षानुवर्षं नको म्हणत राहिले. शेवटी १९९० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं कान पकडून बायकांना मत द्यायला लावलं. तोवर आपल्याकडे बायका दहावी लोकसभा निवडायच्या तयारीत होत्या. तेव्हा ‘संस्कृती’ नावाचा आजार फक्त पूर्वेकडे आहे, हा गैरसमज गोऱ्यांनीही सोडावा आणि आपणही.

मग जाहीरनामा तरी कुणाचा? संयुक्त राष्ट्रांनी १० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये मंजूर केला तो. बाजूनं ४८, विरोधात शून्य, तटस्थ आठ. तटस्थांत कोण कोण होतं हे बघण्यासारखं आहे. सोव्हिएत गटातले सहा, सौदी अरेबिया आणि दक्षिण आफ्रिका. वर्णभेदवाल्या गोऱ्यांनाही त्यात आपली संस्कृती धोक्यात आलेली दिसली. मसुदा करणाऱ्यांत एक चिनी विद्वान होते, पी. सी. चांग. पहिल्या कलमात माणसाकडे बुद्धीबरोबर सदसद्विवेकही असतो असं म्हटलंय, त्यातला विवेक त्यांच्या आग्रहातून आला. त्यांच्या मनात कन्फ्यूशियसची ‘रेन’, म्हणजे माणुसकी, ही कल्पना होती. लेबनॉनचे चार्ल्स मलिक होते. आणि आपल्या हंसाबेन मेहता होत्या. सयाजीरावांच्या बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांची ही मुलगी. मसुद्यात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघेल अशी शब्दयोजना होती. अध्यक्षा एलिनॉर रूझवेल्ट यांना त्यात काही वावगं वाटेना. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातही तसंच आहे आणि त्यात बायका आल्याच, असं त्यांचं मत. हंसाबेन म्हणाल्या, आमच्याकडे लोक हे अक्षरशः घेतील आणि बायकांना बाहेर ठेवतील. त्या अडून राहिल्या. ‘सर्व मानव’ झालं. अमेरिकेच्या अध्यक्षाच्या विधवेला नागर ब्राह्मणाच्या घरातली, जात मोडून वैश्याशी लग्न केलेली बाई हक्क शिकवते आहे, आणि आपण अजून म्हणतोय ही कल्पना पाश्चात्त्यांची!

अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेनं तर १९४७ सालीच काळजी व्यक्त केली होती, की असा जाहीरनामा म्हणजे पश्चिमेची मूल्यं जगावर लादणं होईल. विद्वानांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण ज्यांची काळजी वाहिली जात होती त्या देशांचे प्रतिनिधी त्याच वेळी खोलीत बसून कलमांवर भांडत होते. पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री जफरुल्ला खान यांनी धर्म बदलण्याच्या स्वातंत्र्याची बाजू कुराणाचाच दाखला देऊन मांडली, सौदींचा विरोध असतानाही. जफरुल्ला अहमदिया होते. १९७४ साली त्यांच्याच देशानं घटनादुरुस्ती करून अहमदियांना बिगरमुस्लिम ठरवलं.

धर्म बदलण्यावरून आठवलं. जोतीराव फुले यांनी उजवा हात पक्षाघातानं गेल्यावर डाव्या हातानं एक पुस्तक लिहिलं, ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’. ते त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली निघालं, म्हणजे पॅरिसच्या जाहीरनाम्याच्या ५७ वर्षं आधी. त्यात स्त्री आणि पुरुष असे दोघांचे वेगवेगळे उल्लेख करून मानवी अधिकार सांगितले आहेत, त्यामुळे हंसाबेननी जी भांडणं पुढे केली ती इथे करावीच लागत नाहीत. आणि त्यात एका घराचं चित्र आहे. बायकोनं वाचून-विचार करून बौद्ध व्हावं, नवऱ्यानं बायबल वाचून ख्रिस्ती व्हावं, मुलीनं कुराण वाचून मुसलमान व्हावं, मुलानं सत्यधर्मी व्हावं; आणि या चौघांनी एकमेकांचा हेवा न करता एका छपराखाली गोडीनं नांदावं. आज हे घर उत्तर प्रदेशात बांधायचं म्हटलं तर २०२१ च्या कायद्याप्रमाणे धर्म बदलण्याच्या ६० दिवस आधी प्रत्येकानं जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागेल, मग पोलीस चौकशीला येतील. फुल्यांच्या त्या घरात चहा घ्यायला जाण्यापूर्वी शेजारीसुद्धा वकिलाला विचारतील. काही राज्यांत तर अशा कायद्याचं नावच ‘धर्मस्वातंत्र्य’. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

फुले पाश्चात्त्यांचं वाचत होते का? वाचत होते. टॉमस पेन वाचला होता, ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांची मुक्ती करणाऱ्यांना अर्पण केली होती. म्हणून ते पुस्तक परदेशी ठरत नाही. उलट पेनच्या युरोपनं काय केलं ते बघा. फ्रान्सनं १७८९ साली माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा काढला आणि हैतीतल्या उसाच्या मळ्यांतले गुलाम तसेच ठेवले. गुलामांनी तो मजकूर मनावर घेतला, तेरा वर्षं लढून १८०४ साली देश स्वतंत्र केला. तर फ्रान्सनं १८२५ साली तोफा रोखून त्यांच्याकडून पंधरा कोटी फ्रँकची भरपाई कबूल करून घेतली, आमचे गुलाम गेले म्हणून. ज्यानं गुलामगिरी मोडली त्यानंच दंड भरायचा! हक्क पश्चिमेनं जगाला दान दिले असं मानणाऱ्यांनी ही पावती बघावी.

महाडचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे असं आपण समजतो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं, पुढे तळ्याचं शुद्धीकरण झालं, डिसेंबरात मनुस्मृती जाळली, इथवर पाठ असतं. पुढे दहा वर्षं कोर्टात काय चाललं, ते सहसा कुणी सांगत नाही. सवर्ण मंडळींनी दावा लावला होता. त्यांनी वेद काढले नाहीत, मनू काढला नाही. त्यांनी काढली वहिवाट. अस्पृश्यांनी या तळ्यावर यायचं नाही अशी अनादी काळापासूनची वहिवाट आहे, असं म्हणणं. इंग्रजी कायद्यात अनादी वहिवाटीला मान, म्हणून सोवळं इंग्रजी कायद्याच्या चौकटीत बसवलं! मुंबई उच्च न्यायालयानं मार्च १९३७ मध्ये निकाल दिला: अशी अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही. परंपरेचे अभिमानी परंपरेचाच पुरावा देऊ शकले नाहीत. बाबासाहेबांची रीत बघा. १९२७ च्या डिसेंबरात महाडला ते फ्रान्सच्या १७८९ च्या राष्ट्रसभेचा दाखला देतात. १९५४ साली आकाशवाणीवरून सांगतात, माझी स्वातंत्र्य, समता, बंधुता ही फ्रेंच राज्यक्रांतीतून घेतलेली नाहीत, माझ्या गुरूकडून, बुद्धाकडून घेतली आहेत. टीकाकार यात विसंगती शोधतात. मला त्यात फेरविचार दिसतो, आणि तोही खराखुरा. आपल्या परंपरेत अडीच हजार वर्षांपूर्वीचा एक बंडखोर सापडतो आणि तो ज्यांनी हद्दपार केला त्यांनाही जाब विचारता येतो. भाषणातला फेरविचार बंडखोराला वगळून फक्त परंपरा मागतो.

कर्तव्याचंही एकदा बोलून टाकू, कारण अध्यक्षीय समारोपात ते असतंच. युनेस्कोनं १९४७ साली हक्कांबद्दल मत विचारलं तेव्हा गांधीजींनी छोटं पत्र पाठवलं होतं: माझ्या निरक्षर पण शहाण्या आईनं मला शिकवलं की हक्क नीट पार पाडलेल्या कर्तव्यातून येतात. हे पत्र दाखवून हक्क मागणाऱ्याला गप्प बसवण्याची चाल आहे. पत्र लिहिणारा माणूस रेल्वेच्या डब्यातून बाहेर फेकला गेल्यावर वीसेक वर्षं दक्षिण आफ्रिकेत हक्कांसाठीच झगडला, हे सोयीनं विसरायचं. गांधीजी कर्तव्य सांगायचे ते आधी स्वतःला. आपल्या राज्यघटनेत मूलभूत कर्तव्यं कधी आली? १९७६ साली, बेचाळिसाव्या दुरुस्तीनं. तेव्हा विरोधक तुरुंगात होते, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धही दाद मागता येणार नाही. एका हातानं हक्क काढून घेतले आणि दुसऱ्या हातानं कर्तव्यांची यादी दिली. त्यात निसर्गाचं रक्षण आणि वैज्ञानिक दृष्टिकोन अशी चांगली कलमं आहेत. पण मुहूर्त बघा!

एवढं झाल्यावर कुणी म्हणेल, मग देशी विचारातून हक्कांना काही नवं मिळतच नाही का? मिळतं, आणि भरपूर. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयानं ६ जून १९९५ ला फाशी रद्द केली. गोऱ्यांच्या राजवटीत शेकडो माणसं लटकवलेला हा देश, गुन्हेगारी प्रचंड, लोकांचा कल फाशीकडे. न्यायाधीशांनी ‘उबुंटू’चा आधार घेतला: माणूस माणसांमुळे माणूस होतो, मारेकऱ्याचंही माणूसपण समाजानं हिरावून घ्यायचं नाही. (आपल्याकडे उबुंटू म्हटलं की संगणकवाल्यांना फुकटातली ऑपरेटिंग सिस्टीम आठवते, असो, तीही एका दक्षिण आफ्रिकी माणसानंच काढलेली.) न्या. इव्हॉन मोकगोरो यांचं निकालपत्र यासाठी वाचण्यासारखं आहे. समाज आधी हे तत्त्व तिथेही आहे. फक्त ते दुबळ्याच्या बाजूनं वापरलं.

आणि ओडिशातला नियमगिरी. डोंगरिया कोंध लोकांचा डोंगर, त्यावर त्यांचा देव नियमराजा, डोंगराच्या पोटात बॉक्साइट. पायथ्याशी लांजीगढला वेदांत कंपनीचा कारखाना उभा राहिला होता. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०१३ मध्ये सांगितलं की खाणीनं देवाच्या हक्काला बाधा येते का, ते ग्रामसभांना विचारा. राज्य सरकारनं बारा गावं निवडली. त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात जिल्हा न्यायाधीश निरीक्षक म्हणून डोंगर चढून एकेका पाड्यावर जायचे, लोक उठून आपल्या भाषेत सांगायचे, की हा डोंगर आमचा देव आहे, तो आम्ही विकणार नाही. १९ ऑगस्टला शेवटची सभा झाली. बारापैकी बारा गावांनी नकार दिला. संस्कृती, धर्म, समाज आधी व्यक्ती मागून, कर्तव्य, माती, सगळं आहे यात. तरी दहा डिसेंबरच्या कुठल्याही भाषणात मी नियमगिरी ऐकलेला नाही. ज्या संस्कृतीमुळे खाण थांबते ती संस्कृती वक्त्यांच्या यादीत नसावी. गंगेचंही तसंच झालं. २०१७ साली उत्तराखंड उच्च न्यायालयानं गंगा-यमुनेला कायद्यानं व्यक्ती ठरवलं, तेव्हा राज्य सरकारच सर्वोच्च न्यायालयात स्थगिती मागायला धावलं. पूर आला तर नुकसानभरपाई कुणी द्यायची, ही त्यांची चिंता! आई म्हणायला हरकत नाही, पण आईची जबाबदारी नको.

शेवटची पेटी घरची आहे. मुंबईच्या रखमाबाईंची. वयाच्या अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न लागलं, त्या सासरी नांदायला गेल्याच नाहीत. १८८४ साली दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला, बायकोला माझ्याकडे पाठवा. न्या. पिन्ही यांनी १८८५ साली तो फेटाळला. त्यांनी दाखवून दिलं की हिंदू धर्मशास्त्रात असा दावाच नाही; हा इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आलेला प्रकार आहे. झालं! पुण्या-मुंबईत धर्म बुडाल्याची बोंब उठली. टिळकांसारखा माणूसही दादाजींच्या बाजूला. इंग्रजी शिक्षणानं बायका बिघडतात, हिंदू संसारावर इंग्रज न्यायाधीश घाला घालतो आहे, वगैरे. इंग्रज न्यायाधीश बापडा सांगत होता की हे तुमचं नाहीच, आमच्या पाद्र्यांचं आहे. आणि आपले धर्माभिमानी म्हणत होते, नाही नाही, आमचंच! अपिलात निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. बाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. त्याआधी तीन वर्षं, १८८४ साली, खुद्द इंग्लंडनं या कारणासाठी तुरुंगात टाकणं बंद केलं होतं.

पुढे दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, रखमाबाई विलायतेला गेल्या, डॉक्टर होऊन आल्या आणि सुरत-राजकोटला त्यांनी जन्मभर बायकांवर उपचार केले. पाद्र्यांचा तो दावा मात्र १९५५ साली आपल्या हिंदू विवाह कायद्यात सन्मानानं दाखल झाला. आंध्रच्या उच्च न्यायालयानं १९८३ साली तो घटनाबाह्य ठरवला. दिल्लीच्या उच्च न्यायालयानं त्याच वर्षी उलट निकाल देताना म्हटलं की घरात राज्यघटना आणणं म्हणजे काचसामानाच्या दुकानात बैल सोडणं, आणि ही उपमासुद्धा इंग्लंडचीच. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीची री ओढली. आता तुरुंग नाही, पण हुकूम मानला नाही तर मालमत्तेवर टाच येऊ शकते. इंग्लंडनं हा दावा १९७० च्या कायद्यानं मुळासकट काढून टाकला. आपल्याकडे तो हिंदू विवाह कायद्याचं कलम ९ म्हणून आजही चालू आहे.